चार हात किनारा

डॉ. कुसुमताई राजोपाध्ये यांची आणि माझी पहिली भेट म्हणजे माझी चांगलीच फजिती होती. नव्वदच्या दशकात बदली होऊन मी चंदीगडला आलो आणि आमच्या सरकारी वसाहतीच्या बागेचं काम हौसेने अंगावर घेतलं. वसाहतीमागे छोटा तलाव आहे. अगदी पाण्यापर्यंत मी हिरवळ नेली होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ती दाखवत होतो. विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या ताई तिथे फिरायला आल्या होत्या.

"युरिया किती वेळा टाकता?" त्यांनी विचारलं.

"दर महिन्याला," मी छाती फुगवून म्हणालो.

"आणि कापलेलं गवत?"

ते आम्ही पाण्यातच ढकलत होतो. ताई रागावल्या नाहीत. "मग जलपर्णी उपसायची तयारी ठेवा," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या वर्षी जलपर्णीखाली पाणी दिसेनासं झालं, मासे मरून वर आले. वसाहतीच्या बैठकीत "किसने किया ये?" असा गलका झाला, तेव्हा मी मागच्या रांगेत सरकलो. ताईंना सगळं ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, "नाम छोड़िए जी, इतवार को दस्ताने लेकर आइए." ते उपकार मी विसरलेलो नाही.

पुढची कितीतरी वर्षं ताई गुडघाभर चिखलात उतरून जलपर्णी उपटत होत्या. आमच्याकडे त्यांनी एकच मागितलं. काठाची चार हात पट्टी कापायची नाही, तिथे खत टाकायचं नाही. तिथे लव्हाळे माजले आणि हळूहळू पाणी मोकळं झालं. "जंगल हो गया है," अशी कुरकुर करणाऱ्या प्रत्येकाला ताई शांतपणे समजावत, की वरून वाहत येणारं खत हे लव्हाळेच आधी खातात.

आता ताईंच्या पंचाहत्तरीचा सत्कार वसाहतीच्या समितीने त्याच काठावर ठरवला आहे. मंडपवाले म्हणाले, "किनारा साफ करवा दो साहब, झील दिखनी चाहिए." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि त्यात, सवयीने, माझीही डोलली. गेले आठ दिवस मला धड झोप नाही. लव्हाळे मुळासकट गेले तर पावसाळ्याआधी परत येणार नाहीत, खत थेट पाण्यात जाऊन जलपर्णी पुन्हा माजेल, आणि ताईंच्या गुडघ्यांना आता चिखल झेपत नाही. सत्कार सेक्टर ३४ मधल्या एखाद्या सभागृहात घ्या, असं पत्र मी समितीला दिलं आहे. ताईंचा हा गौरवग्रंथ छापायला जाईपर्यंत उत्तर आलेलं नाही.

कुसुमताईंना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. आणि सत्काराच्या दिवशी त्यांची खुर्ची तलावाकडे पाठ करून मांडण्याची वेळ आमच्यावर न येवो.