डोंगरातून गेलेली रेघ

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही, आणि हे वाचून तुमचा बसला तर त्याला मी जबाबदार नाही. माझा ठाम विश्वास एकाच गोष्टीवर – माझ्या हातून चुका होतात. अख्ख्या भोरला हे माहीत आहे. पाइप-फिटिंगचं दुकान चालवणारा माणूस विमान उडवायला शिकला, इथूनच सुरुवात झाली म्हणा ना.

विमान म्हणजे मायक्रोलाइट. वर कापडी पंख, खाली तीन चाकं, एकामागे एक दोन सीटा आणि पाठीमागे इंजिन. दार नाही, काच नाही. सारोळ्याच्या अलीकडे एका मित्राच्या माळावरून आम्ही उडायचो. आम्ही म्हणजे मी आणि शौकतभाई. ते भोरचे ट्रॅक्टर मेकॅनिक, माझ्याहून वयानं मोठे. इंजिन त्यांच्याकडे, नकाशे माझ्याकडे.

ही गोष्ट २००८च्या आसपासची. नकाशांचा मला तेव्हा नुकताच नाद लागला होता. जुने सरकारी नकाशे पुण्यात स्कॅन करून आणायचे, लॅपटॉपवर सॉफ्टवेअरमध्ये बसवायचे, त्यावर माउसने वाट आखायची आणि केबलने ती जीपीएसमध्ये भरायची. मग हवेत त्या इवल्याशा स्क्रीनवर आपला बाण रेघेवर ठेवला की झालं. मी तर स्वतःला वैमानिकापेक्षा वरचं काहीतरी समजायला लागलो होतो.

दसरा होऊन गेला होता. सकाळी निघालो, तोरण्याला लांबून वळसा घातला, वेल्ह्यावरून परत फिरलो. आता मधली डोंगराची रांग एका खिंडीतून ओलांडायची, की पलीकडे भाटघर धरणाचं पाणी. रेघ बरोब्बर खिंडीतून आखली होती. हेल्मेटमधल्या स्पीकरवर मागच्या सीटवरून शौकतभाईंचा आवाज आला.

"अण्णा, कोकणातनं ढग येत्यात."

"येऊ देत. जीपीएस आहे."

"त्याला दिसतं व्हय?"

"त्याला दिसायची गरज नसते, शौकतभाई."

हे वाक्य ते मला आजही ऐकवतात, चारचौघांत.

पुढे सगळं पांढरं झालं. दरी अरुंद, न दिसता वळायची सोय नाही. दोन जण बसलेले, त्यामुळे विमान पटकन वर चढेना. राहिली ती रेघ. मी बाण रेघेवर घट्ट धरून बसलो.

"अण्णा, पुढल्या जुम्म्याला पोरीचं लगीन हाये माझ्या," शौकतभाई म्हणाले. "मला मांडवात न्या. डोंगरात न्हाई."

मी बाणावरची नजर हलवली नाही.

आणि मग आवाज बदलला... मोकळ्या हवेत इंजिनाचा आवाज मागे सांडत जातो. तो आता दोन्ही बाजूंनी आणि डोक्यावरून परत यायला लागला. कात्रजच्या बोगद्यात ट्रक शिरल्यावर घुमतो ना, तस्सा. तोंडावरचा वारा थांबला. उघड्या विमानात, ऐन वेगात, वारा थांबला! ओल्या मातीचा वास आला.

"अण्णा, बोगदा आला का?"

"हवेत कुठला बोगदा?"

"म्हणून तर इचारतोय."

एवढं बोलणं होतंय तोवर भस्सकन उजेड आला आणि खाली भाटघरचं पाणी चमकलं. तिथून सरळ सारोळ्याचा माळ गाठला.

उतरल्यावर माझी जीभ सुटली. लग्नाला लॅपटॉप घेऊन गेलो मी! बिर्याणीच्या पंगतीत, जीपीएसनं नोंदवलेली आमची वाट नकाशावर दाखवत सुटलो – बघा, ढगातून कसं खिंडीत सुई ओवल्यासारखं विमान काढलं. पुण्याहून आलेला माझा एक उडणारा दोस्त स्क्रीनकडे बघत म्हणाला, "डेटम कुठलं ठेवलंयस?"

झालं. आपले जुने नकाशे पृथ्वीचा एक आकार धरून काढलेत, जीपीएस दुसराच आकार धरतं. कुठला आकार धरायचा, म्हणजेच डेटम, ते सॉफ्टवेअरला सांगावं लागतं. मी सांगितलं नव्हतं. त्यामुळे माझी अख्खी रेघच सरकलेली होती, खिंड चुकायला पुरेल इतकी. त्यानं तिथंच दुरुस्ती केली. नकाशा हलला. आमची वाट खिंडीतून निघाली आणि शेजारच्या डोंगराच्या सोंडेत जाऊन बसली. उंची बघितली, तर सोंडेच्या माथ्याच्या बरीच खाली. एका बाजूनं शिरलोय, दुसऱ्या बाजूनं बाहेर... मध्ये कातळ.

"जीपीएस हुकलं असेल," दोस्त म्हणाला. मलाही तेच हवं होतं. मग मी हट्टानं जीपीएस घेऊन ती सोंड चढलो. रेघेच्या बरोबर वर जाऊन उभा राहिलो. कारवी, दगड, शेण. भोक नाही, भुयार नाही. जवळच एका धनगराचं घर होतं. घरातल्या म्हातारीनं पाणी दिलं. मी सहज विचारलं, मागं इकडून विमान गेलेलं ऐकलं का?

"आईकलं की. ढग उतरलं हुतं त्या दिशी. पर इमान वरनं जातं न्हवं?" ती म्हणाली. "ह्येचा आवाज भुईतनं आला. मांडणीवरची भांडी वाजली समदी."

मग म्हणाली, "नारळ ठिवून जा बाबा हितं."

मी नाही ठेवला. घरी बायकोनं सुचवलं, विमान विकून टाका. तेही नाही विकलं. का विकायचं? चूक माझी, ती मी दुरुस्त केली. बाकी जे काही होतं त्यानं मला काहीच सांगितलेलं नाही, तर त्याला मी काय म्हणून भ्यायचं? उलट मला वाचवलं असेल तर त्यानं पुढं येऊन सांगावं, मी हार घालीन. तुमच्याकडे उत्तर असेल तर कळवा, फक्त 'सॅटेलाइटचा घोळ' म्हणू नका. सॅटेलाइटमुळे मांडणीवरची भांडी वाजत नाहीत.

धास्ती एकच होती – शौकतभाई पुन्हा बसतील का? म्हातारीचं बोलणं त्यांना सगळं सांगितलं. ते ऐकून त्यांनी हातातला स्पार्क प्लग पुसून जागेवर बसवला. पुढच्या रविवारी आकाश लख्ख होतं. मी माळावर पोचलो तर भाई हेल्मेट घालून मागच्या सीटवर आधीच बसलेले.

"वेल्ह्याकडंच ना?"

"वेल्ह्याकडंच."

त्यांनी पट्टा आवळला.

"आन् डोंगर? वरनं, का खालनं?"