यंदा नवीन काय?

वडशात दिवाळी जवळ आली की नाटक मंडळ्यांची ऑफिसं उघडतात, दारावर नव्या नाटकाचे फलक चढतात आणि गावोगावची माणसं प्रयोग ठरवायला येतात. आत आल्या आल्या त्यांचा प्रश्न ठरलेला: "यंदा नवीन काय?" माझे बाबा झाडीपट्टीच्या रंगभूमीवर जन्मभर खलनायक करत आले, त्यामुळे हा प्रश्न ऐकतच मी मोठी झाले. मी मोबाइलवरचे गेम बनवते. एकटी, वडशातच, घराच्या मागच्या खोलीत बसून. हे सांगताना माझी मान जरा जास्तच ताठ होते, त्याला माझा इलाज नाही.

पहिला गेम साधा होता. धानाची बांधी, म्हणजे बांध घातलेलं भातशेत, मचाण आणि रानडुकरं. डबा वाजवून पीक राखायचं. तो कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांनी खेळला. ज्यांनी जन्मात धान उभं पाहिलं नाही ते माझ्या डुकरांना शिव्या घालू लागले आणि मी हवेतच होते. मग बंगलोरच्या एका कंपनीचा फोन आला. दुसरा भाग करा, खर्च आमचा. बांधी तीच, मचाण तेच, फक्त डुकरांऐवजी हत्ती आणा.

मी जवळजवळ हो म्हटलं होतं. कित्येक महिने नवीन काही सुचत नव्हतं, आणि तसं कबूल करण्यापेक्षा हत्ती काढणं सोपं होतं. त्या दिवशी जेवताना बाबांनी विचारलंच, "यंदा नवीन काय तुझं?"

"तेच, बाबा. भाग दुसरा."

बाबांचा घास हातातच राहिला. स्टेजवर हिरोचा गळा धरतानाही त्यांचा चेहरा इतका भयंकर होत नाही. "मागच्या सालचंच नाटक त्याच गावाले दाखवाले नेते का कोणी? लोकं काय म्हणतीन? मंडळी संपली म्हणतीन."

"पण लोकच मागून राह्यले ना! वन्स मोर समजा."

"वन्स मोर गाण्याले असते," बाबा म्हणाले. "नाटकाले नाई."

मी चिडले. चिडूनच कंपनीला नकार कळवला, आणि चिडूनच नवा गेम सुरू केला. विषय घरातलाच: नाटक मंडळी. थंडीत गावोगाव फिरायचं, मंडप उभारायचा, हिरोची गाडी आलापल्लीच्या जंगलात बंद पडली तर विनोदी नटाला पुढे ढकलायचं, आणि रात्रभर चालणारं नाटक उजाडायच्या आत संपवायचं. मध्येच पब्लिक 'वन्स मोर' ओरडतं. मग बटण दाबायचं: 'पुन्हा घ्या' किंवा 'पुढे चला'. गाणं पुन्हा घेतलं की वेळ जातो. नाटक अर्धं असताना उजाडलं, तर हरलात. हा नियम करून मी स्वतःवरच खूश होते.

तेव्हा बाबांच्या मंडळीत नव्या नाटकाच्या तालमी चालू होत्या. दुपारच्या सुट्टीत मी फोन त्यांच्या हाती दिला. सगळे हरले. नायिका हरली, तबलेवाले हरले, आणि विनोदी नटानं तर पहिल्याच गाण्यावर उजाडून दाखवलं. पब्लिकनं वन्स मोर म्हटलं की ही माणसं गाणं पुन्हा घेणारच.

"अहो, 'पुढे चला' दाबा ना!" मी ओरडले.

"काऊन दाबू?" नायिका उलट माझ्यावरच डाफरली. "पब्लिक बसून आहे ना अजून."

मी फोनच्या पडद्याकडे पाहिलं. सूर्य वर आला होता, माझ्या नियमानं नाटक बंद पाडलं होतं, आणि मी काढलेलं पब्लिक खरंच बसून होतं. त्यांना उठून जाताना मी काढलंच नव्हतं.

घरी येऊन नियमच उलटा केला. उजाडलं तरी चालेल. पब्लिक उठून गेलं तर हरलात. तेवढ्या बदलानं गेम जिवंत झाला आणि आपल्याला नवीन काही सुचणारच नाही ही माझी धास्ती गेली. मग कोणाला न सांगता आणखी एक गोष्ट केली. खलनायकाला एक गाणं दिलं. आमच्याकडे गाणी हिरोची आणि विनोदी नटाची. बाबांच्या वाट्याला शिव्या, एकदा तर चप्पलही आली. हीच आपली पावती, असं ते म्हणायचे. पण विंगेत उभं राहून दुसऱ्याचा वन्स मोर ऐकतानाचा त्यांचा चेहरा मी लहानपणापासून पाहत आले आहे.

गेम बाहेर आला त्या सकाळी बाबा अंगणात खाटेवर बसले, चष्मा लावला आणि खेळू लागले. मी भाजी निवडण्याचं सोंग करत बघत होते. खलनायक आला. गायला. आणि मंडपात एकच ओरडा झाला: वन्स मोर!

बाबांनी लगेच बटण दाबलं नाही. ते उठून उभे राहिले. खांद्यावरचा दुपट्टा नीट केला, फोनमधल्या पब्लिकला वाकून नमस्कार केला, आणि मगच दाबलं. गाणं झालं, पुन्हा ओरडा झाला, त्यांनी पुन्हा दाबलं. डोळे वाहत होते, ते त्यांनी लपवले नाहीत. मला माझा इतका अभिमान आजवर कधी वाटला नव्हता.

कुंपणापलीकडून शेजारच्या बाईंनी विचारलं, "उभ्यानं काय करून राह्यले, भाऊ?"

"थांबा जरा," बाबा म्हणाले. "पब्लिक उठली नाई अजून."