आधी म्हैस, मग आजी

पुराव्यावाचून सर जेवायलाही उठत नसत. मी चुलीपासून हाक मारायची, "सर, भाकरी झाली." खोलीतून उत्तर यायचं, "पुरावा काय?" एकदा तव्यावरची भाकरी नेऊन त्यांच्या वहीवर आपटली. तेव्हापासून जेवणापुरता तो प्रश्न बंद झाला.

ओतूरच्या एका कॉलेजात ते कम्प्युटरच्या एम.एस्सी.च्या मुलांना संशोधन कसं करायचं आणि ते चारचौघांत कसं सांगायचं, हे शिकवत. आमच्या मागच्या खोलीत चार वर्षं भाड्यानं राहिले. संशोधनातलं मला कळत नाही. पण त्या मुलांना एस.टी.च्या कंडक्टरला गावाचं नाव धड सांगता येत नव्हतं, एवढं मी पाहिलं आहे.

सरांचं म्हणणं एकच. "जे चौथी पास बाईला कळत नाही, ते तुम्हालाही कळलेलं नाही." ती चौथी पास बाई म्हणजे मी. मला कुणी विचारलं नव्हतं. मुलं अंगणात येऊन बोलायची, मी कांदे निवडत ऐकायची. मी 'कळलं' म्हटल्याशिवाय सर सही करत नसत. एकजण आला आणि अल्गोरिदम, अल्गोरिदम करत राहिला. मी म्हटलं, "भाऊ, पाणी पी आन् घरी जा." त्यानं तेही वहीत लिहून घेतलं.

हिरा धनगराची पोर. मोबाईलच्या फोटोवरून कळपातल्या मेंढ्या मोजायचं काहीतरी तिनं कम्प्युटरवर केलं होतं. पण बाहेरच्या परीक्षकांपुढे दोनदा नुसती उभी राहून परत आली होती. तिसरी खेप शेवटची. ती गेली असती तर सगळं शिक्षण पाण्यात.

सरांनी तिला आमच्या म्हशीपुढे उभं केलं. "म्हैस मध्ये बोलत नाही, मोबाईल बघत नाही. इतका चांगला श्रोता आमच्या कॉलेजात नाही." म्हैस रवंथ करायची, हिरा बोलायची. आठ दिवसांत ती घडाघडा बोलू लागली. म्हैससुद्धा पास झाली असती.

मग माझी पाळी. मी विचारलं, "कळपात दुधाला चार शेळ्या असत्यात. त्या कशा मोजतं तुझं यंत्र?"

हिरा रडायला लागली. सर टाळ्या वाजवत होते. "चूक सापडली! आता सांगण्यासारखं काहीतरी आहे."

परीक्षेच्या दिवशी त्यांनी मला पहिल्या बाकावर बसवलं. म्हैस जिना चढत नाही म्हणून मी. परीक्षकांनी विचारलं, "या कोण?" सर म्हणाले, "संदर्भ."

हिरा उभी राहिली, पण तोंड उघडेना. सर छताकडे बघत बसले. मला राहवेना. "ए पोरी, शेळ्यांचं काय झालं ते सांग की!"

ती माझ्यावरच उखडली. "सांगतीय की, आजी! शेळीची शेपटी वर आसती, मेंढीची खाली. फोटो वरनं काढला की शेपटी दिसत न्हाई, मग यंत्र शेळीलाबी मेंढीच धरतं. बाजूनं काढला तर लई कमी चुकतं. आमच्या वाड्यावर करून बघितलंय मी!" मग ती थांबेचना. शेवटी परीक्षकांनीच हात जोडले आणि पास केलं.

पुढच्या वर्षी सरांचं कंत्राट संपलं. नाशिककडे नोकरी लागली. निघताना म्हणाले, "आजी, तुमची फार आठवण येईल."

मी म्हटलं, "पुरावा काय?"

त्यांनी बॅग खाली ठेवली, खरंच विचार केला. "सध्या नाही. गोळा करून पाठवतो."

तेव्हापासून दर रविवारी फोन येतो. कुणीतरी अनोळखी पोर आपलं संशोधन सांगायला लागतं. मागून सरांचा आवाज येतो, "हळू बोल, त्या कांदे निवडत असतील." पुष्कळदा मला पहिल्या झटक्यात कळतं. पण मी 'कळलं' म्हणत नाही. म्हटलं की फोन ठेवतात.