ॲपले किती दिवस लागतीन?

काम वेळेवर झालं तर किस्से साचत नाहीत. आमच्याकडे ढीग पडला आहे.

अमरावतीत माझ्या घराच्या माडीवर पुतणी वैशालीचं ऑफिस आहे. पुण्याची नोकरी सोडून ती इथे वऱ्हाडी किस्से ऐकवणारं मोबाइल ॲप बनवते. सोबत अकोल्याचा प्रोग्रामर गणेश. ॲपमधला आवाज माझा. शाळा चौथीत सुटली. आवाज सुटला नाही. पैसा तिच्या पुण्याच्या जुन्या साहेबांचा. त्यांनी बजावलं होतं, "दिवाळीपर्यंत ॲप नाही, तर काम पुण्याला. वैशाली, तूही परत!"

*

पहिल्याच दिवशी मी विचारलं, "पोरी, किती दिवस लागतीन?"

"साधं केलं तं चार महिने, काका. सगळं घातलं तं वर्ष."

"मंग साधंच कर."

"साधं कोणी डाउनलोड करत नाई!"

*

रेकॉर्डिंगला गणेश म्हणाला, "काका, जरा हसून बोला ना."

"हसाचं काम ऐकणाऱ्याचं हाय. तू बटन दाब!"

त्यानं दिवसभर दाबलं. संध्याकाळी कळलं, माईकच बंद होता. मी तेव्हाही हसलो नाही.

*

ॲप बंद करायच्या बटनावर काय लिहावं, यावर दोघे भांडत होते. मी निकाल दिला. निघताना आपण 'जातो' म्हणत नाही. 'येतो' म्हणतो. तेच लिहा!

लिहिलं. ॲप अकोटला माझ्या बहिणीला पाठवलं. दुसऱ्याच दिवशी तिचा फोन. "दादा, काय बाप्पा हे! मी 'येतो' दाबलं, अन् ते गेलं ना!"

बटन बदलण्यात आठवडा गेला.

*

टेस्टिंगसाठी ॲप मोर्शीच्या बबनभाऊंना दिलं. संत्र्याचा बगीचा, माणूस स्पष्ट.

"कसं वाटलं, भाऊ?" वैशालीनं विचारलं.

"मस्त! लगेच झोप लागली."

"कोणत्या किश्श्याले?"

"काकाच्या."

त्या दिवशी बबनभाऊ बिनचहाचे मोर्शीला गेले.

*

दिवाळी तोंडावर आली. साहेबांचा फोन मी उचलला.

"आजोबा, ॲप झालं का?"

काम सुरूच होतं. मी खरं तेच सांगितलं. "होऊन राहिलं."

"राहिलं?" साहेब ओरडले. "म्हणजे झालंच नाही!" फोन कट.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांची गाडी दारात. काम परत न्यायलाच आले होते.

"वैशाली कुठे आहे?"

"येऊन राहिली."

"आणि गणेश?"

"जेवून राहिला."

"अहो, ॲपचं काय?"

"चालून राहिलं."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "इथे सगळंच राहिलंय!"

मी त्यांना खुर्ची दिली. कानाला हेडफोन लावला. मोबाइलवर ॲप सुरू करून दिलं. तेवढ्यात वैशाली आली आणि दारातच थांबली. गणेश हात न धुताच मागे उभा.

एक किस्सा झाला. दुसरा झाला. तिसऱ्याला साहेबांचं पोट हसून हलायला लागलं.

तेवढ्यात पुण्याहून त्यांच्या ऑफिसचा फोन आला. त्यांनी एक कान मोकळा केला. पलीकडचा आवाज आम्हालाही ऐकू आला. "सर, काम परत आणताय ना?"

साहेब खेकसले, "थांबा हो! ऐकून राहिलो ना!"