कोकिळा बोलती झाली

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडला, त्या साली तानुबाईचं लग्न डोणगावच्या पुंजाजीशी झालं. पुंजाजीला घरात बाईचा आवाज खपत नसे. तिनं जात्यावर ओवी धरली की पाठीत लाथ बसे. एकदा त्यानं चुलीतलं जळतं लाकूड तिच्या दंडाला लावलं. तेव्हापासून तिनं तोंड शिवलं. लेकीला, कोकिळेला, ती मुकाट्यानंच पाजी, मुकाट्यानंच निजवी.

पोर दोन वर्षांची झाली तरी बोलेना. भूक लागली की बोट दाखवी, बापाच्या वहाणा वाजल्या की कणगीमागं दडे. शेजारीण सोजराबाई म्हणाली, "पोट्टी मुकी नाही वं तानू. तुह्या घरात बोलते कोण, तर ते शिकन?"

एका दुपारी कोकिळा चिंधीची बाहुली जमिनीवर आपटत ओरडली, "चूप! चूप बैस!"

लेकीचा पहिला बोल! तानुबाईचा ऊर भरून आला, अन् लगेच अंगावर काटा उभा राहिला. हेल हुबेहूब पुंजाजीचा होता.

त्याच संध्याकाळी भाकर करपली म्हणून पुंजाजीनं बैल हाकायची तुतारी तिच्या कपाळावर हाणली. ती रक्तबंबाळ होऊन पडली. तशी कोकिळा पुढं आली आणि आईच्या तोंडावर इवल्या मुठी मारू लागली. "चूप! चूप!"

पुंजाजी खदखदून हसला. "वा बे! माह्यीच पोट्टी हाय!"

त्या हसण्यानं तानुबाईचं भान सुटलं. कोपऱ्यातलं मुसळ उचलून तिनं त्याच्या गुडघ्यावर घातलं. हाड कडकन मोडलं. तो गुरासारखा ओरडत लोळला. पोरीला कडेवर घेऊन, रक्तानं भिजल्या लुगड्यानिशी तिनं माहेरची, बीबी गावाची वाट धरली.

भाऊ किसनरावानं तिला ठेवून घेतलं. कापूस वेचताना ती दिवसभर लेकीशी बोले. पोर नुसती ओठांकडे पाही. कुणाचा हात हलला की अंग चोरी, नाहीतर कडकडून चावे. तानुबाई तिच्या मुठी धरून विचारी, "काय पायजे तुले? सांग मले." मग उत्तराची वाट बघत बसे.

कपाशी उलंगली, शेवटची वेचणी संपली, तेव्हा पुंजाजी लंगडत दारात आला. "पोट्टीले घेऊन जाऊन राह्यलो," म्हणत त्यानं काठी उगारली. तानुबाई विळा घेऊन आडवी झाली. काठी तिच्या खांद्यावर बसली, विळा त्याच्या मनगटात रुतला. किसनराव धावत आला, तसा पुंजाजी रक्त गाळत पळाला.

कोकिळेनं पदर ओढला, अन् 'चूप'शिवाय पहिल्यांदाच काही बोलली. "माय, तुह्ये हात काऊन हालून राह्यले?"

तानुबाई विळा टाकून उंबऱ्यावर बसली. "भेव लागला वं, बाई."

"मंग?" कोकिळेनं विचारलं, अन् आईसारखीच उत्तराची वाट बघत बसली.