बिद्रीच्या वहिनींचा सत्कार

आमच्या रेडिओ स्टेशनला यंदा दहा वर्षं झाली, म्हणून रिसेप्शनच्या भिंतीवर लावायला मला स्टेशनचा इतिहास लिहायला सांगितला. आठ ओळींत. पहिल्या ओळीत टॉवर उभा राहिला. दुसरीत पाहुण्यांनी बटण दाबून उद्घाटन केलं; ते बटण कशालाच जोडलेलं नव्हतं, पण ते लिहायचं नसतं. तिसरी ओळ होती, ‘श्रोत्यांनी पहिल्या दिवसापासून भरभरून प्रेम दिलं.’ इथे माझा हात जरा थबकला. कारण सुरुवातीचं प्रेम मीच दिलं होतं, शेजारच्या खोलीतून, दार लावून.

स्टेशन सुरू झालं तेव्हाच मी इथे जाहिराती लिहायला लागले. साड्या, पाण्याच्या टाक्या, क्लासेस. सकाळचा कार्यक्रम करणाऱ्या निवेदकांना सगळे दादा म्हणायचे. ते माईकसमोर बसून “बोला पावणं, लाईन मोकळी हाय” म्हणायचे आणि लाईन खरोखरच मोकळी असायची. गाणी लोकांच्या मोबाईलमध्ये होती. आणि कोल्हापूरच्या माणसाला काही सांगायचं असेल तर तो फोन करत बसत नाही, समोर येऊन सांगतो.

मग मुख्य ऑफिसचं पत्र आलं. दिवाळीपर्यंत श्रोत्यांचे फोन वाढले नाहीत तर सकाळचा कार्यक्रम पुण्याहून येईल. म्हणजे दादा आणि मी, दोघंही घरी. दादांना दुसरं काही येत नव्हतं. मला बरंच काही येत होतं, पण जिथे दिवसभर कोणाशी बोलावं लागत नाही अशी ही एकच नोकरी मिळाली होती.

“फोन तू कर,” दादा म्हणाले.

“मी?”

“शेजारच्या खोलीतनं. लाजतीस तर दार लावून घे.”

घरी आई माझ्याशी मराठीत बोलली तरी शेवटी ‘ओके बेटा’ लावायची. शाळेत मराठी हा आठवड्यातून चार तासांचा विषय होता. पण शाळेच्या रिक्षात मी सहा वर्षं रिक्षामामांच्या मागे बसून गेले, आणि मामा रस्त्यावरच्या प्रत्येकाशी बोलायचे. त्यातलं निम्मं रेडिओवर चालण्यासारखं नव्हतं. उरलेलं मला पाठ होतं. फक्त आजवर ते मी मोठ्याने म्हटलं नव्हतं.

श्रावणातली सकाळ होती. मी फोन लावला.

“दादा, बिद्रीची वहिनी बोलतीया.” बिद्री हे नाव येताना एसटीच्या पाटीवर वाचलं होतं.

“बोला वहिनी. काय चाललंय?”

“भाकऱ्या थापतीया. मालक काल उसाची ट्रॉली घिऊन कारखान्यावर गेल्यात, अजून आलं न्हाईत. त्यांच्यासाठी एक गाणं लावा की.”

मला ते फार खरं वाटलं. ऊस, ट्रॉली, कारखाना, भाकरी. गावाबद्दल जे जे माहीत होतं ते सगळं मी एका दमात घातलं होतं. ऊस हे ‘कॅश क्रॉप’ आहे हे मला चौथीपासून ठाऊक होतं. तो तोडतात कधी, हे परीक्षेत कधी विचारलं नव्हतं.

गाणं संपायच्या आत फोन वाजला. माझा नव्हे, खरा. कुरुंदवाडचे एक काका होते.

“त्या वहिनीला सांगा, कारखाना बंद हाय. दिवाळीच्या तोंडावर सुरू हुतोय. पावसाळ्यात कुठला ऊस आणि कुठली ट्रॉली? मालक जातोय कुठं, बघा म्हणावं.”

त्यांच्या मागोमाग पेठ वडगावहून एक बाई. “ट्रॉलीचं ऱ्हाऊ दे. जाताना कापडं कसली घातलीती, ते विचारा तिला.”

मी काचेपलीकडून दादांना हाताने खुणावलं, मिटवा हे. त्यांनी बोट गोल फिरवलं. चालू ठेव.

त्या दिवशी अकरा वाजेपर्यंत लाईन मोकळी झाली नाही. पुढे दर मंगळवारी आणि शुक्रवारी वहिनींचा फोन येऊ लागला. वहिनी भोळ्या होत्या. मालक नव्या शर्टात कारखान्यावर जातात, कारण तिथे साहेब लोक असतात, असं त्यांना वाटायचं. सगळा जिल्हा त्यांना शहाणं करायला फोन करायचा. माझी चूक होती आणि लोकांनी तिचा संसार केला.

गणपतीनंतर मॅनेजर खुशीत आले. जाहिरात देणारे साडी दुकानाचे मालक वहिनींचा सत्कार करणार होते. साडी, श्रीफळ, वर फेटा. वहिनी आल्या तर ते वर्षभर कार्यक्रमाचे प्रायोजक होणार होते, आणि नुसते फोन पुरेसे नाहीत, प्रायोजक मिळाला तरच कार्यक्रम कोल्हापुरात राहणार, असं मुख्य ऑफिसनं कळवलं होतं. वहिनी कोण आहेत, हे मॅनेजरना माहीत नव्हतं.

“साडी नेस आणि चल,” दादा म्हणाले.

“मी स्टेजवर चक्कर येऊन पडेन.”

“पड. वहिनी भावुक झाल्या म्हणतो.”

मी नाही म्हणाले. शेवटी वहिनींना ताप आलाय अशी चिठ्ठी लिहून दिली. तापाचं कोणी प्रायोजकत्व घेत नाही, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

दुकानाच्या वरच्या मजल्यावर बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. दुकानदार ताट घेऊन उभे. मी शेवटच्या रांगेत. दादांनी चिठ्ठी उघडली. “आपल्या बिद्रीच्या वहिनी...” एवढं म्हणाले आणि घाम पुसायला थांबले.

तिसऱ्या रांगेतून एक बाई उठली. पन्नाशीची, काखेत पर्स. “आलो की,” ती म्हणाली आणि सरळ स्टेजवर जाऊन खुर्चीत बसली.

टाळ्या थांबेनात. फेटा बांधून झाल्यावर दुकानदारांनी माईक तिच्यापुढे धरला. “वहिनी, आता मालक कुठं असत्यात?”

“घरात बसवलाय. कारखाना सुरू झाला तरी सोडत न्हाय.”

तिचा आवाज माझ्या दुप्पट जाड होता. माझ्या शेजारची बाई मला म्हणाली, “फोनवर बारीक वाटती. पण तीच हाय.” मी मान हलवली.

जिन्यात मी तिला गाठलं. “तुम्ही खरंच बिद्रीच्या?”

“न्हाय बाई, पेठ वडगावची. कापडाचं विचारलंतं ती मीच.”

“मग उठलात कशा?”

“कोण उठंना. दादा वर घामानं भिजलाता. सत्कार मांडलाय आणि माणूसच न्हाय, हे बरं दिसतंय व्हय?” मग पिशवीत डोकावून म्हणाली, “साडीबी चांगली हाय.”

कार्यक्रम राहिला. दादा राहिले, मी राहिले. आता मंगळवारी आणि शुक्रवारी तीच फोन करते. काय बोलायचं ते मी आदल्या दिवशी लिहून पाठवते आणि ती त्यातलं निम्मं टाकून देते. “असलं मिळमिळीत कोण बोलतंय,” असं मला कळवते. तिच्या जागी मी काय बोलले असते, हे त्या दोन्ही सकाळी मनात येऊन जातं. मी तिची लाईन दादांना जोडून देते.

परवा वर्षाच्या कामाचा आढावा झाला. मॅनेजर म्हणाले, “तुमचं लिखाण चांगलं आहे. पण जरा बोलायला शिका. त्या वहिनींकडं बघा, साधी गावातली बाई, पण कशी धीट बोलते.”

मी बरं म्हणाले, आणि मंगळवारचं तिचं बोलणं लिहायला बसले.