कपाटातला तराजू

“उलट होणारा बदल! गाईडात छापलंय, बाई. पोरीला शून्य!”

हेडसर माझ्या चौथीच्या वर्गासमोर असं म्हणाले आणि माझं डोकंच फिरलं. वसईच्या बागायतीतली जिल्हा परिषदेची शाळा, सत्तरचं दशक सरत आलेलं. तोंडी परीक्षा चालू होती. बर्फाचं पाणी होतं, ते पुन्हा गोठवता येतं, तो उलट होणारा बदल. लाकडाची राख झाली की संपलं, तो न उलटणारा. प्रश्न होता मेणबत्ती जळण्याचा.

फिलूनं उत्तर दिलं होतं, “सर, दोन्ही. ओघळलेलं मेण परत वापरता येतं. जळलेलं गेलं ते गेलं.” तिच्या घरी चर्चमधली थोटकं वितळवून नव्या मेणबत्त्या करत. तिला नाही कळणार तर कोणाला?

तिचं पास होणं या उत्तरावर अडलं होतं. नापास झालीस तर घरी बसून धाकट्याला सांभाळायचं, असं बापानं तिला बजावलेलं.

“सर, विज्ञान पेटीतला तराजू काढा. आत्ता दाखवते.”

“पेटी डेडस्टॉकला आहे. काही फुटलं तर?”

डेडस्टॉक म्हणजे शाळेच्या सामानाची नोंद. साहेब आले की मोजून दाखवायचं, एरवी कुलपात. मुलांनी त्या पेटीचं झाकणसुद्धा पाहिलं नव्हतं.

“अहो, पोरीची शाळा सुटतेय आणि तुम्हाला काचेच्या नळ्यांची पडलीये?”

“आवाज खाली, बाई. किल्ली मिळणार नाही.”

मी व्हरांड्यात गेले. घंटा वाजवायचा लोखंडी गज घेतला. तिसऱ्या घावाला कपाटाचं कुलूप तुटलं. पेटीतला तराजू काढून वर्गात आणला.

दोन्ही पारड्यांत सारख्या मेणबत्त्या उभ्या केल्या. एकच पेटवली. मेण ओघळून पारड्यातच साठत होतं, तरी ते पारडं हळूहळू वर चाललं.

“बाई, वर गेलं!” अख्खा वर्ग ओरडला. फिलू तेवढी हेडसरांकडे बघत होती.

“बरं, द्या मार्क,” सर म्हणाले. जणू खिशातून देत होते!

फिलू पाचवीत गेली. मला मेमो मिळाला, आणि नवीन कुलूप स्वखर्चानं आणायचा हुकूम. आणलं. दुकानदारानं त्यासोबत दोन किल्ल्या दिल्या.

सरांना मी एकच दिली.